दोन चमच्यांचं औषध

बेलूर, धारवाड
८ जानेवारी २०२५

आत्याबाई, जयभीम.

पत्र बघून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि यशपालभावजी आवाज मोठा करून देतात तेव्हा तुम्ही सोडून सगळ्या कमरीपेठेला ऐकू जातं. मला जे सांगायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही. विहारातल्या वर्गात जाऊन म्हातारपणी वाचायला शिकलात, तर हे कुणाकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

सोमवारी रूपाला धारवाडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तुमची नात दहा वर्षांची झाली आणि बुधवारनंतर कुठला वार ते तिला सांगता येत नाही. काल पाठ झालेला पाढा आज पुसलेला असतो. मागच्या महिन्यात बसस्टँडवर एका बाईनं मागितला म्हणून अंगातला स्वेटर काढून दिला आणि तिच्याच मागं चालायला लागली. तुमच्या लेकानं धावत जाऊन धरली म्हणून बरं. शाळेतल्या बाई म्हणतात, घरीच ठेवा, बाकीच्या मुलांना त्रास होतो.

डॉक्टरांनी टेप लावून तिचं डोकं मोजलं. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट जागा, सगळं बोट लावून बघितलं. मग मला विचारलं, गरोदरपणी दारू घेत होता का? मी नाही म्हणाले. आमच्या घरात कोणी शिवत नाही म्हणाले. आणि मग तुमची वाटी आठवली. ब्रँडी, गूळ, मिरपूड, कोमट करून. पोटाला ऊब असली की गर्भ सुटत नाही म्हणायचात.

डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालंय. पोटातच मेंदूची घडण बिघडते. हे बरं होणार नाही, सांभाळावं लागेल, जन्मभर.

आता मुद्द्याचं. परवा हे तुमच्याकडे येऊन गेले तेव्हा फळीवर तेलाच्या डब्यामागं तसलीच बाटली दिसली म्हणाले. यशपालभावजींच्या आरुषीला पाचवा महिना आहे. आत्याबाई, एका सुनेला दिलंत ते दिलंत. हिला देऊ नका. एक थेंबही नको.

गौतमी


कमरीपेठ, हुबळी
१४ जानेवारी २०२५

गौतमीला पारूबाईचा जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरं जुळवायला आणि दुसऱ्यांदा संतापायला.

दहा वर्सं गप बसलीस आणि आता एका डॉक्टरच्या तोंडानं सासूला हाणायला उठलीस व्हय? उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या सासूनं मला वाटी दिली, तिच्या सासूनं तिला. माझी चार बाळंतपणं झाली. धम्मपाल तुझ्या डोळ्यासमोर कारखान्यात मशीन चालवतो. यशपाल दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात हिशेब बघतो. कोण वेडं झालंय ते दाखव मला.

तुझी दोन पडली, ते विसरलीस काय? तिसऱ्याला मी वाटी चालू केली आणि तेच तेवढं ऱ्हायलं. तवा पाया पडायला वाकली होतीस. आज मीच खुनी झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आणि दारू म्हणू नको. दारू काय असते ते मला सांगतेस? तुझा सासरा पिऊन पिऊन गेला. त्याचं रक्त पुसलं ह्या हातानं. त्या दिवसापास्नं दारूला न शिवायचं पाचवं शील धरलंय आणि दोन्ही पोरांना धरायला लावलंय. औषध येगळं, दारू येगळी.

आरुषीला मागल्या महिन्यात रक्ताचा डाग दिसला. घरात रडारड. तवापास्नं रोज जेवणानंतर दोन चमचे देते. डाग थांबला. आता बंद करू म्हणतेस? आणि परत दिसला, काही बरंवाईट झालं, तर तू येणार हायस निस्तरायला?

एक विचारते. मी दोन चमचे सांगितले होते. डॉक्टरला तू किती सांगितलंस?

सुट्टीत रूपाला इकडं पाठव. पोरगी जरा धिमी हाय, बाकी काय न्हाई. माझ्या मागं अज्जी अज्जी करत फिरते, शेंगा सोलायला दिल्या की दुपारभर बसते. तुम्ही शहाणी माणसं तिला सारखं टोचता म्हणून बावरते.

पारूबाई


बेलूर
२० जानेवारी २०२५

आत्याबाई, जयभीम.

दोन चमचे सांगितले. दोनच घेत होते, तर किती सांगणार? हुबळीत होते तोवर तुम्हीच भरून देत होतात, तुम्हालाच ठाऊक. दोन ऐकूनही डॉक्टर म्हणाले, यात थोडं आणि फार असं काही नसतं. एवढी चालते असा आकडा कुठल्याच डॉक्टरनं काढलेला नाही. एखाद्या बाळाला काही होत नाही, एखाद्याचं आयुष्य जातं. तुमची चार वाचली, ते नशीब.

डाग वाटीनं थांबला नाही, आपोआप थांबला असेल. आरुषीला दवाखान्यात न्या. तिथं कोणालाही विचारा. माझं खोटं वाटतं ना, मग परक्याला विचारा.

धिमी आहे म्हणता. तुम्हाला ती सुट्टीतले आठ दिवस दिसते. मला रोज दिसते. काल शाळेतनं आली, दप्तर फेकलं, भिंतीवर कपाळ आपटलं तीनदा. मी धरलं. शांत झाल्यावर मला विचारते, आई, माझ्या डोक्यात काहीच का राहत नाही? सगळ्यांच्या राहतं.

काय सांगू तिला? तुझ्या अज्जीनं तुला पोटात असताना ब्रँडी पाजली म्हणून? सांगू का? तुम्हीच सांगा, तसं सांगते.

माझ्या पोरीचं व्हायचं ते झालं. आरुषीच्या पोटातलं अजून व्हायचंय. तुम्हाला हट्ट मोठा का नातवंड, एवढं ठरवा.

गौतमी


कमरीपेठ, हुबळी
१६ फेब्रुवारी २०२५

गौतमीला जयभीम.

महिना झाला, उत्तर दिलं न्हाई. द्यायला तोंड नव्हतं.

आरुषीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तुझं खोटं पाडायचं हेच मनात होतं, झाकून कशाला ठेवू. सिस्टरला कानडीत विचारलं, डाग दिसल्यावर दोन चमचे ब्रँडी दिली तर काय होतंय? अय्यो, ती बाई उठून उभीच ऱ्हायली. सगळ्या रांगेसमोर मला बोलली. कोणत्या काळातली हायस, म्हणाली. पोटातलं लेकरू दारू पितंय, तुला कळत न्हाई का, म्हणाली. आरुषी शेजारी होती. घरी येईतोवर माझ्यापुढं दहा पावलं चालली.

बाटली गटारीत ओतली. पण ओतून काय होतंय? दीड-दोन महिने हिच्या पोटात गेलं ते गेलंच. आणि रूपाच्या पोटात सहा महिने.

तिचं तोंड डोळ्यासमोरनं हलत न्हाई. मला वाटायचं माझ्या आजीचं तोंड हाय पोरीला, तसंच बारीक. मी कौतुकानं सांगत फिरत होते गं. ते तोंड मी केलेलं होतं.

माघी पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि मी उठले. माईकबिईक न्हाई, तशीच बोलले. म्हटलं, माझी नात अशी हाय ती माझ्या हातानं. औषध म्हणून मी सुनेला दारू पाजली. तुमच्यापैकी कोण देत असंल तर आज घरी जाऊन ओता. बायका खाली मान घालून बसल्या. म्हणजे देतात, कळलं मला. आपल्या गल्लीतली अंबूताई रडायला लागली. तवापास्नं पुरुष माझ्याकडं बघंनात.

घरात यशपाल म्हणाला, आई, तू आता स्वयंपाकघरात येत जाऊ नको, आरुषीला भीती वाटते. तिनं माझ्या हातातनं पळी काढून घेतली. बरोबर केलं तिनं. मी असते तर उलथनं हाणलं असतं. आता बाहेरच्या खोलीत असते. ताट आणून ठेवतात.

रूपाला सुट्टीत पाठवू नको. ती अज्जी म्हणून हाक मारंल, मी ओ कशी देऊ?

तुझी गुन्हेगार,
पारूबाई


बेलूर
२४ फेब्रुवारी २०२५

आत्याबाई, जयभीम.

बाटली ओतलीत, फार बरं झालं. मनावरचा भार उतरला.

विहारात उभं राहून सांगायची काही गरज नव्हती. घरातलं घरात राहिलं असतं. तुम्ही एवढं कराल असं मला वाटलं नव्हतं. यशपालभावजींना मी फोन करून बोलले, म्हाताऱ्या माणसाला असं वेगळं काढू नका म्हणून. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही कसं काय असं बोलू शकता, तुमच्याच पोरीचं झालंय. मी फोन ठेवून दिला.

असं सारखं मनाला लावून घेऊ नका. जेवत जा. आरुषीचं सुखरूप होऊ दे, मग बोलू. तोवर मला काही विचारू नका.

रूपानं पिशवी भरून ठेवलीय. हुबळीला जायचं म्हणते. तिला नाही म्हणून सांगितलं, तासाभरानं परत पिशवी घेऊन दारात उभी.

गौतमी


कमरीपेठ, हुबळी
२२ मे २०२५

गौतमीला जयभीम.

आरुषीला सतरा तारखेला मुलगा झाला. अडीच किलो. रडतो मोठ्यानं, हे मला ऐकू आलं म्हणजे बघ. धम्मपाल बघून गेलाच हाय. तू आली न्हाईस. का आली न्हाईस ते मी समजू शकते.

मी दारातनं बघितला. नाकाखालची जागा बघितली आधी. मला तर नीट दिसली. डॉक्टरला विचारलं तर म्हणतो, आत्ता काही सांगता यायचं न्हाई, चालायला बोलायला लागू दे, शाळेत जाऊ दे. म्हणजे सहा-सात वर्सं रोज त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं. तेवढी मी जगले तर.

माझ्या हातात दिला न्हाई. मी मागितला बी न्हाई.

विहारात जाते, शेवटच्या रांगेत बसते. पाचवं शील आलं की ओठ मिटून घेते. बाकीची चार म्हणते.

गल्लीतल्या शालिनीची सासू भाजी बाजारात भेटली. शालिनीला तिसरा महिना लागलाय. म्हणाली, पारूक्का, तुझं ऐकून मी बी बाटली ओतून टाकली, सुनेच्या पोटातल्याचं तुझ्या नातीसारखं होऊ नये म्हणून. हे ऐकून बरं वाटलं का वाईट, माझं मलाच कळलं न्हाई. आपल्या गल्लीत आता कोण वाटी देत न्हाई. माझं तोंड बघितलं की त्यांना आठवतं.

गौतमी, एकच सांग. एवढं माहीत असून, पोरगी अशी समोर असून, तू मला कशी सहन करतेस? मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं.

पारूबाई


बेलूर
३ जून २०२५

आत्याबाई,

जयभीम लिहायला हात धजत नाही.

मी खोटं बोलले. दोन चमचे नव्हते.

इकडे राहायला आलो तेव्हा मला चौथा महिना होता. बाटली तुम्ही पिशवीत घातलीत आणि बजावलंत, दोनच, जास्त नको, घरी होते तेव्हा तुम्ही भरून द्यायचात तसंच. पहिले आठ दिवस दोनच घेतले. इथं ओळखीचं कुत्रं नव्हतं. हे बारा तास कारखान्यात. मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची. हेही पडणार, हेही जाणार. वाटी घेतली की ती भीती बसायची. म्हणून दोनाचे चार केले. मग म्हटलं चमचा कशाला. पंधरा दिवसांत बाटली रिकामी.

शेजारच्या वेणूबाईचा नवरा दारूच्या दुकानात कामाला होता. तिला सांगितलं, सासूनं औषध सांगितलंय, आणून दे. ती बिचारी दर आठवड्याला आणून द्यायची. तांदळाच्या डब्यात ठेवायची. सकाळी हे कामावर गेले की काढायची. आठवा महिना संपेपर्यंत हे चाललं होतं. ह्यांना वास आला की तुमचंच नाव सांगायची, आत्याबाईंची वाटी घेतली म्हणून. एकदा न्हाणीत पडले. तुम्हाला फोनवर चक्कर आली म्हणून सांगितलं. तुम्ही घाबरून म्हणालात, पोरी, दोन चमचे चुकवू नको.

रूपा झाली तेव्हापासून मला माहीत होतं. आजाराचं नाव माहीत नव्हतं, पण कशानं झालं ते माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाले. आणि तोंडातनं तुमची वाटी निघाली.

का खोटं बोलले? खरं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाटल्या रिचवल्यास म्हणून झालं, माझ्या दोन चमच्यांवर कशाला घालतेस? आणि आरुषीची वाटी चालू राहिली असती. तुम्ही विचारलंतच की, किती सांगितलंस. तेव्हाच ठरवलं, दोनच सांगायचे. हे कारण खरं आहे. पण एवढंच नाही. तुमच्यावर ढकललं त्या दिवशी मला दहा वर्षांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. हेही खरं आहे. लाज वाटते लिहायला, तरी लिहिते.

फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. बाळंतपण होऊ दे, मग सांगू, असं म्हणत तुम्हाला चार महिने बाहेरच्या खोलीत बसवलं. बाळाला बघायला आले नाही, कारण तुमच्यासमोर उभी राहू शकत नव्हते.

हे पत्र आरुषीला दाखवा. यशपालभावजींना दाखवा. विहारात वाचा, मी येऊन शेजारी उभी राहीन. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर आलं की सांगेन. तुम्ही आत जा, आत्याबाई. नातवाला घ्या.

गौतमी


कमरीपेठ, हुबळी
१४ जून २०२५

गौतमी,

पत्र पोचलं.

वाचलं आणि तशीच उठले. आरुषी बाळाला न्हाऊ घालत होती. म्हटलं, हे कागद तिच्या पुढ्यात टाकते. वाच म्हणते, तुझी सासू राक्षसीण न्हाई म्हणते. दारात उभी ऱ्हायले, तोंड उघडलं. ती म्हणाली, काय पाहिजे? काय न्हाई म्हटलं आणि परत आले.

तू म्हणतेस विहारात वाचा. वाचल्यावर बायका काय म्हणतील, ते तू शिकलेली, तुला कळत न्हाई? म्हणतील, म्हणजे पारूक्काच्या दोन चमच्यानं काय झालं नव्हतंच. थोरली सून प्याली म्हणून झालं. शालिनीची सासू दुसऱ्या दिवशी नवी बाटली आणंल. अंबूताई आणंल. आणि आरुषीला पुढल्या खेपेला डाग दिसला तर हीच यशपालला बाटलीला पिटाळंल. सिस्टर सांगते थेंब नको, पण सिस्टरचं कोण ऐकतंय? गेली कितीक वर्सं ती सांगतच असंल. माझं ऐकलं. कारण मी आपल्या तोंडानं आपलं नाव घेतलं, आणि माझी नात सगळ्यांनी बघितलीय. ते नाव मी आता काढून घेतलं की संपलं.

तू खोटं बोलून मला बांधलंस आणि आता खरं बोलून गाठ मारलीस. मी आता सुटायची न्हाई. मेल्यावर बी माझी ओळख हीच, नातीला दारू पाजलेली म्हातारी. असू दे.

बाळाच्या पाण्याची चूल पेटलेली होती, त्यात पत्र घातलं. माझ्या दोन चमच्यांचं माझ्यावर हायच. चव मी लावली, ते मी कुणावर ढकलत न्हाई. पण बाटल्या तुझ्या होत्या. त्या माझ्या नावानं आणवल्यास, माझ्या नावानं प्यालीस, आणि माझ्याच नावावर फिरवल्यास. तुला भीती वाटत होती तर मला बोलवायचं होतं गं. हुबळीहून बेलूर किती लांब? चालत आले असते.

हे मी तुझ्यासाठी करत न्हाई, ध्यानात ठेव. तुला माफ केलेलं न्हाई, करणार बी न्हाई. धम्मपालला सांग. तुझ्या तोंडानं सांग. आणि बाहेर बोलू नको म्हणावं.

रूपाला पाठव. आठ दिवसांसाठी न्हाई, कायमची. माझ्या खोलीत दोघींना जागा हाय. धम्मपाल आणून सोडंल. तू येऊ नको. ती आई कधी येणार म्हणून विचारंल. मी सांगीन, उद्या. तिच्या ध्यानात ऱ्हाणार न्हाई. दुसऱ्या दिवशी परत विचारंल, मी परत सांगीन, उद्या.

पारूबाई